लिओनार्डच्या अर्जाची चौदा पानं

'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणणारा माणूस समोर आला की मला आधी त्याचा कागद बघावासा वाटतो. सवयच तशी आहे. एकोणीस वर्षं मी अंधेरीच्या रेशनिंग ऑफिसात टेबलावर बसलेय. काम एकच, कार्डावरची माणसं खरी आहेत का ते बघायचं. सासूला जाऊन सहा वर्षं झाली तरी सून तिला कार्डावर जिवंत ठेवते, साखरेसाठी. मी तोंडावर सांगते, म्हातारीला घेऊन ये, मग शिक्का मारते. मग रडारड, शिव्याशाप. ऑफिसात मला मागून जेलर म्हणतात. म्हणोत बापडे. पण एवढी तिखट नजरेची मी, आणि सख्ख्या भावाच्या अर्जाची वाट मीच लावली. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते.

माझा धाकटा भाऊ लिओनार्ड मिस्किटा नौदलात लेफ्टनंट होता. कारखान्यांच्या मागे आमचं जुनं गावठण, साठेक घरं, सगळे एकमेकांचे नातलग. त्यातला तो पहिला अफसर. पांढऱ्या कपड्यांत सुट्टीवर आला की म्हाताऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. १९७५च्या मार्चमध्ये, सकाळच्या धुक्यात, त्याच्या जहाजाची एक लाँच बुडाली आणि दोन खलाशी गेले. लाँचच्या तळाला चीर होती. लिओनं ती चीर आठ दिवस आधीच पाहिली होती आणि नोंदवहीत लिहून ठेवलं होतं की ही लाँच पाण्यात घालू नये. चौकशीत वही उघडली, तर त्या पानावर लिहिलेलं, लाँच तपासली, ठीक आहे. खाली सही, एल. मिस्किटा. लिओ म्हणाला, ही सही माझी नाही. कोर्ट मार्शल म्हणालं, तुझीच. नोकरीवरून बडतर्फ, वर दीड वर्ष कैद.

सुटून आला आणि वर्सोव्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. लग्न केलं नाही. पपा त्याच धक्क्यात दोन वर्षांत गेले. गावठणात तोंडावर कोणी काही बोललं नाही, तेवढी लाज आमच्या लोकांना आहे. पण लग्नाच्या मांडवात त्याला पुढच्या खुर्चीत बसवायचे ते बंद झालं. तोही मग मागेच उभा राहायला लागला, हात पुसत, जसा काही आचाऱ्याचा माणूस. ते बघून माझं डोकं फिरायचं. त्याच्यावर की लोकांवर, तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

अकरा वर्षं गेली. १९८६च्या ऑगस्टमध्ये मुलुंडहून एक पत्र आलं. अंबादास तांबे नावाचा माणूस. नौदलात लिओच्याच जहाजावर कारकून होता, आता निवृत्त. त्यानं लिहिलं होतं की नोंदवहीचं ते पान लिओनार्डसाहेबांनी लिहिलंच नव्हतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबानं जुनं पान फाडायला लावलं, नवं पान अंबादासकडून लिहून घेतलं आणि खालची सहीही त्यालाच करायला लावली. नोकरीच्या भीतीनं आपण केली. आता घशाचा कॅन्सर आहे, डॉक्टरनं फार तर वर्ष दिलंय, आणि हे पोटात घेऊन मरवत नाही.

पत्र वाचून दुसरी कोणी रडली असती. मी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितला. मग पवईवरून जाणारी बस धरून मुलुंडला गेले आणि त्या माणसाला समोर बसवून तीन तास उलटसुलट विचारलं. अकरा वर्षं कुठं होतास? तुला कोणी लिहायला लावलं? त्या वरच्या साहेबाशी तुझं भांडण झालंय का? तो आता एवढा मोठा झालाय, मग तू आताच का? त्याचा आवाज जवळजवळ गेला होता, पाटीवर खडूनं लिहून उत्तरं देत होता. शेवटी त्यानं माझ्या हातातला कागद घेतला आणि डोळे न उचलता त्यावर एल. मिस्किटा अशी सही केली. 'एल'ची शेपटी, 'के'चा पाय, सगळं तेच.  त्याची बायको वनमाला दाराशी उभी राहून पदर तोंडाला लावून रडत होती. दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे नेऊन मी त्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं.

त्या दिवसापासून मी लिओच्या मागे लागले. तो म्हणायचा, राहू दे. मी म्हटलं, राहू दे कसं, मेल्या, तुझं नाव आहे.

नौदलानं उत्तर दिलं की प्रकरण केव्हाच मिटलंय. मग आमच्या खासदारांकडे गेले, चंद्रप्रकाश परुळेकर. नवीनच निवडून आलेले, बोलायला गोड, म्हणून मला आधीच नको वाटले. पण त्यांनी रस्ता सरळ सांगितला. लोकसभेकडे रीतसर अर्ज करायचा, खासदार स्वतः सही करून तो सभागृहात मांडणार, मग तो अर्ज समितीकडे जाणार. समितीला साक्षीदार बोलावता येतो. तिनं अंबादासला ऐकलं आणि शिफारस केली, तर सरकारला कोर्ट मार्शलचा निकाल पुन्हा उघडावाच लागेल. अर्ज एकट्याच्या सहीनंही चालतो, पण संरक्षण खात्याचा मामला, एकटा अर्ज फायलीत झोपतो. दोन हजार सह्या असल्या तर समिती जागी होते. हिवाळी अधिवेशन नोव्हेंबरात, म्हणजे हातात दोन महिने. आणि अंबादासकडे वर्ष, तेही पुरतं नाही.

परुळेकरांचा सेक्रेटरी दशरथ मेस्त्री. घाटकोपरला राहणारा, बाप गिरणीत होता, मूळ कुडाळकडचा. सफारी सूट, खिशाला तीन पेनं. तो पहिल्या भेटीत इतका मदतीला धावला की मी घरी येऊन आईला सांगितलं, हा माणूस बरोबर नाही. आमचा काय संबंध याच्याशी? आम्ही त्याच्या जातीचे नाही, गावचे नाही, मतांचे गठ्ठे घेऊन फिरणारे नाही. मग याला एवढा पुळका कसला? ज्यानं पान फाडायला लावलं तो साहेब दिल्लीत बसलेला, त्याचे हात किती लांब असतील कुणाला ठाऊक.

दशरथनं छापील नमुना दिला. वर मजकुराचं एक पान, त्याला जोडून नुसत्या रेघांची पानं. तीन रकाने, नाव, पत्ता, सही. एका पानावर पंचवीस माणसं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मजकुराच्या दोन ओळी तरी टाइप करून घ्या, असं तो दोनदा म्हणाला. ऐंशी पानांवर कोण टाइप करत बसणार? मी प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या पानाला मजकूर टाचला आणि कामाला लागले. दुसरं त्यानं सांगितलं, की पानं आठ दिवस आधी माझ्याकडे द्या, मी एकेक सही तपासून घेतो, दिल्लीत फार बारीक बघतात. आठ दिवस? ऐकलं आणि माझ्या डोक्यात घंटाच वाजली. आठ दिवसांत कागदाचं काय काय होऊ शकतं ते मला शिकवू नका. हो म्हटलं आणि मनात ठरवलं, शेवटच्या दिवसापर्यंत एक पान याच्या हातात पडणार नाही.

ऑफिस सुटलं की रोज हिंडायचे. वर्सोव्यात कोळी लोकांनी झटपट सह्या दिल्या, लिओला ते मानतात. कांदिवलीला आईच्या माहेरच्यांकडे, मरोळला, जुहूला. बाहेरच्या प्रत्येक पानावरची प्रत्येक ओळ मी घरी बसून तपासली. तीन जण दोनदा सही करून गेले होते, ते काटले. एकानं नटाचं नाव लिहिलं होतं, तेही काटलं. माझ्या हातून असं सुटत नाही.

राहिलं आमचं गावठण. तिथं अडचण होती ज्युलियस किणीची. ज्युलियस आमचा आतेभाऊ, समोरच्याच घरात राहतो. विहिरीमागच्या तुकड्यावरून त्याचं नि पपांचं कोर्टात गेलेलं. लिओ तुरुंगात गेला तेव्हा विहिरीपाशी तो चार लोकांत म्हणाला होता की देव बघतो. मी दारोदार फिरले असते तर तो माझ्या मागोमाग जाऊन लोकांची मनं फिरवणार, याची मला खात्री होती. म्हणून मी दारोदार गेलेच नाही. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळं गाव येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी चौदा पानांचा गठ्ठा चर्चच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवला, दोऱ्यानं पेन बांधून. फादर म्हणाले, मी मिस्सानंतर सांगतो सगळ्यांना, कशाचा कागद आहे ते. मी नको म्हटलं. उगाच गवगवा झाला तर नको त्या कानावर जायचं. मी सात-आठ जणांच्या कानात सांगितलं, आणि दाराबाहेर उभी राहून ज्युलियस कागदाला हात लावतो का, तेवढं बघत राहिले. त्यानं लावला नाही. पुढच्या रविवारीही कागद तिथंच होता. संध्याकाळी मी तो उचलला. चौदाच्या चौदा पानं भरलेली. मला भरून आलं हो. ज्या लोकांनी माझ्या भावाला मांडवात मागं उभं केलं, त्यांनी भरभरून सह्या दिल्या. पहिल्या पानावर वरवर नजर टाकली, आमच्याच बायकांच्या सह्या दिसल्या. बाकीची तेरा मी उघडलीच नाहीत. आपल्या माणसांच्या सह्या काय तपासायच्या? गठ्ठ्याला दोरी बांधली, लाखेचा ठिपका मारला.

परुळेकर दिल्लीला निघायच्या दिवशी दुपारी मी दशरथच्या हातात सगळं ठेवलं. दोन हजार बावीस सह्या. तो घड्याळाकडे बघत म्हणाला की आता मी हे कधी बघू? मी म्हटलं, बघायचं काही नाही, सगळं मी बघितलंय. त्यावर तो पहिल्यांदाच आपल्या बोलीत बोलला.

"बाये, माझ्यार संशय घेतलास, घेवा. पण कागद माका येळेर दिलो असतो तर तुमचाच भला झाला असता."

मी मनात म्हटलं, बघ कसा चिडला. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

डिसेंबरात अर्ज सभागृहात मांडला गेला. पेपरात चार ओळी छापून आल्या, त्या कापून आईनं क्रूसाखाली ठेवल्या. त्या नाताळात लिओनं नवा सदरा घातला. अंबादासकडे मी महिन्यातून दोनदा जायचे. तो पाटीवर एकच विचारायचा, बोलावणं कधी? मी सांगायचे, फेब्रुवारीत. वनमालानं त्याच्यासाठी कोट धुऊन इस्त्री करून ठेवला होता, दिल्लीत थंडी असते म्हणून.

फेब्रुवारीत बोलावणं नाही आलं. अर्जच परत आला.

दशरथनं मला ऑफिसात बोलावून पत्र वाचून दाखवलं. समितीच्या कचेरीनं नमुन्यादाखल काही सह्या करणाऱ्यांना पत्रं टाकली होती. त्यातली अकरा पत्रं परत गेली, पाकिटावर पोस्टमननं लिहिलेलं, पत्ता बरोबर, माणूस मयत. मग त्यांनी पानं बारकाईनं बघितली. तीनशेवर ओळींत नाव एकाचं आणि सही दुसऱ्याची. सह्या संशयास्पद, अर्ज अनियमित, सबब परत. परुळेकरांना तिथं कोणीतरी ऐकवलंही, की सही खोटी म्हणणाऱ्या आरोपीसाठी तुम्ही खोट्या सह्या आणल्यात. ते आता पुढच्या अधिवेशनापर्यंत या विषयाचं नाव काढायला तयार नव्हते.

माझी कानशिलं तापली. मी दशरथला तिथंच विचारलं, किती दिवस ठेवलात कागद दिल्लीत? कोणाकोणाला दाखवलेत? त्यानं सगळा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मी तो उघडलासुद्धा नाही. समितीनं जोडलेली यादी वर होती, त्यात पत्ते होते, सगळेच्या सगळे आमच्या गावठणाचे. गावठण म्हटल्यावर मला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. ज्युलियस.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात, सगळ्या गावासमोर, मी त्याला गाठला. काय काय बोलले ते आता आठवायला नको वाटतं. विहिरीमागच्या तुकड्यासाठी माझ्या भावाला दुसऱ्यांदा बुडवलंस, मेलेल्यांच्या नावानं खोट्या सह्या ठोकल्यास, तुझ्या हातांना किडे पडतील, असं बरंच. ज्युलियस साठीचा माणूस, काठी टेकून उभा. त्याला आधी कळेचना. मग त्यानं टोपी काढली आणि एवढंच म्हणाला की लिओच्या कागदावर मी सही केलीय, पहिल्याच पानावर, जाऊन बघ. त्याची बायको त्याला हाताला धरून घेऊन गेली. लोक पांगले. आई माझ्याकडे बघत राहिली.

घरी येऊन तणतणत मी गठ्ठा सोडला. पहिल्या पानावर, चौथ्या ओळीत, ज्युलियस किणी, थरथरत्या अक्षरात. मी दाराबाहेर उभी राहून पहारा देत होते तेव्हा तो बाजूच्या दारानं आत आलेला. ठीक. मग दुसरं पान उघडलं.

दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीत माझ्या बापाचं नाव. दोमिंगो मिस्किटा. पत्ता आमच्या घराचा. सहीच्या रकान्यात एमिलिया, माझ्या आईच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात. त्याखाली आजीचं नाव, सही परत एमिलिया. त्याखाली किणींचे मेलेले, एका ओळीत एक. मग रेबेलोंचे. पोरवयात विहिरीत पडून गेलेला आमचा इग्नेशियस. गेल्या पावसात वारलेली सुईण. तेरा पानं.

मी खुर्चीत बसले ती बसलेच. तुम्ही आमच्यातले नसाल तर सांगते. दोन नोव्हेंबर हा आमचा मेलेल्यांचा दिवस. त्याच्या आधीच्या रविवारी दरवर्षी चर्चच्या दाराशी, त्याच टेबलावर, रेघांचे कागद ठेवतात. प्रत्येक घर आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहितं, पुढं कुठल्या घरचा, आणि शेवटी देणाऱ्याची सही, म्हणजे फादरना कळावं कोणी दिलं. महिनाभर मिस्सात ती नावं घेतात. जन्मापासून बघतेय मी हे. आमच्या घरची नावं आई देते, म्हणून मी त्या कागदाला कधी हात लावला नव्हता, एवढंच. आणि मी त्याच रविवारी, त्याच टेबलावर, तेच तीन रकाने असलेली पानं ठेवून, फादरचं तोंड बंद करून, बाहेर पहारा देत उभी. चर्चचे कागद ठेवणाऱ्यालाही वाटलं असेल, या वर्षीचे ठेवून झालेत. मजकूर फक्त पहिल्या पानाला. ते भरल्यावर कोणीतरी खाली सरकवलं असेल. पुढच्यांनी दरवर्षीसारखे आपले मेलेले लिहिले.

आईला विचारलं तर ती साधेपणानं म्हणाली, की हो, मी दिली नावं, टेबलावरच कागद होता की. आणि मग जरा रागानंच, की गेल्या नोव्हेंबरात फादरनी तुझ्या पपांचं नाव एकदाही घेतलं नाही, सगळ्या गावात कुजबूज होती, कोणाचंच नाव घेतलं नाही म्हणून. घेतील कुठून? नावं दिल्लीला गेलेली. मी लाख लावून पाठवलेली.

ज्युलियसच्या घरी गेले. माफी मागायची मला सवय नाही, दारातच उभी राहून भडाभडा बोलले. त्यानं आत बोलावलं नाही. बरोबरच केलं. दशरथकडे गेले. त्यानं माझं सगळं ऐकलं, पुढच्या अधिवेशनासाठी नवा नमुना काढून दिला आणि म्हणाला की पावसाळी अधिवेशन जुलैमध्ये, यावेळी मी साहेबांना पटवतो. माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

जुलै म्हणजे पाच महिने. मी मुलुंडला गेले. अंबादास आता पडूनच होता. मी त्याला खोटं सांगायचं ठरवून गेले होते, पण त्यानं पाटी पुढं केली, बोलावणं कधी, आणि माझ्या तोंडून खरंच निघालं. सगळं सांगितलं, मेलेल्यांची पानंसुद्धा.  मग त्यानं पाटीवर लिहिलं, लिओनार्डसाहेबांना सांगा मी थांबायचा प्रयत्न करतो.

एप्रिलच्या एकोणीस तारखेला तो गेला.

परुळेकरांनी दिल्लीत विचारून पाहिलं. उत्तर आलं ते थोडक्यात असं, की प्रतिज्ञापत्र देणारा मयत, त्याची तोंडी साक्ष आणि उलटतपासणी होऊ शकत नाही, म्हणून त्या कागदाला एकट्याला वजन देता येणार नाही. दुसरा पुरावा असेल तर जोडावा. दुसरा पुरावा कुठला? जुनं पान बारा वर्षांपूर्वी फाडलं, आणि नवं लिहिणारा गेला.

मी वर्सोव्याला गेले. लिओ ओढून ठेवलेल्या होडीच्या इंजिनाशी होता, कोपरापर्यंत काळा. आजूबाजूला बोंबील सुकत होते, बायका उलटेपालटे करत होत्या. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. ज्युलियसच्या भीतीनं मी काय केलं, दशरथला कागद का दिले नाहीत, फादरना का गप्प केलं. आईनं त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. तुझा एकुलता एक साक्षीदार माझ्या संशयानं घालवला, असं मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. चार कोळणी बघायला लागल्या तरी मला थांबवेना.

तो पान्यानं एक नट फिरवत राहिला. मग म्हणाला की मुद्दाम नाही ना केलंस, मग झालं. मला माहीताय तू मुद्दाम नाही करणार.

बस, एवढंच. ना कागद मागितला, ना उलटतपासणी. आणि ते ऐकल्यावर मला पुढं लपवता येईना. मला सांगावंच लागलं.

"लिओ, अंबादासचं पत्र येईपर्यंत मला वाटत होतं, तूच केलीस ती सही."

त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुरुंगात भेटायला यायचीस तेव्हा सगळं विचारायचीस. जेवतोस का, झोपतोस का. ते एक कधी विचारलं नाहीस."

मी खरंच विचारलं नव्हतं. नाही म्हणाला असता तर माझा विश्वास बसला नसता, ही भीती होती मला. आईनं कधी विचारलं नाही कारण तिला विचारायची गरज नव्हती. माझं तसं नव्हतं. मुलुंडच्या एका परक्या माणसानं माझ्यापुढे सही गिरवून दाखवली, तेव्हा कुठं मी माझ्या भावाला निर्दोष सोडलं. आणि पपा? पपा तर ती सही कोणाची हे न कळताच गेले.

तो हात पुसून होडीच्या कडेला बसला. म्हणाला, अर्ज पुन्हा करायचा असेल तर कर, पण आता अंबादास नाही, आता नुसता मी सांगतो तेवढंच आहे. तेवढ्यावर लिहिणार असशील तर माझी सही घे. नाहीतर राहू दे, मला चालतं.

जूनमध्ये मी नवा अर्ज लिहायला बसले. यावेळी प्रत्येक पानाच्या माथ्यावर मजकूर टाइप केला, फादरनी मिस्सानंतर मोठ्यानं सांगितला, आणि पहिला गठ्ठा घेऊन दारोदार मी ज्युलियसलाच पाठवलं. तो बोलत नाही माझ्याशी अजून, पण गेला. मुख्य पानावर दशरथच्या नमुन्यातला रकाना होता, सोबत जोडलेले पुरावे. मेलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडलं असतं तर परत तेच उत्तर आलं असतं, तरी दशरथ म्हणाला जोडा, म्हणून जोडलं. पण अर्ज करणाऱ्याचं म्हणणं लिहायच्या जागी मी वकिलाचा मसुदा नाही वापरला. माझ्याच अक्षरात लिहिलं. ती सही माझ्या भावानं केलेली नाही. मी हे त्यानं सांगितलं म्हणून म्हणते.

माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी त्याच पावली परत पाठवला असता. खाली सही केली, उर्सुला मिस्किटा, आणि पान लिओपुढे सरकवलं.